जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम चालू असताना ऑब्जेक्टचा प्रकार कसा ओळखायचा?

तुमच्या प्रोग्रॅममध्ये ग्राहक, ऑर्डर आणि परतावा असे तीन क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवण्याचे साचे, आहेत. सर्व्हरकडून येणारा डेटा एकाच फंक्शनकडे जातो, आणि हातात आलेला ऑब्जेक्ट या तिघांपैकी कोणता हे त्या फंक्शनला ठरवायचे आहे. व्हॅल्यूचा प्रकार सांगणारा 'टाइपऑफ' लावला की तिन्हींसाठी 'ऑब्जेक्ट' हे एकच उत्तर मिळते. ऑब्जेक्ट अमुक क्लासचा आहे का ते सांगणारा 'इन्स्टन्सऑफ' टेस्टमध्ये व्यवस्थित चालतो, पण खऱ्या डेटावर दर वेळी 'फॉल्स' देतो. तेव्हा भरवशाची पद्धत कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

आधी थेट उत्तर देतो. सर्व्हरकडून आलेल्या ऑब्जेक्टला तुमचा क्लास चिकटलेलाच नसतो, त्यामुळे त्याला क्लास विचारून काही हाती लागणार नाही. डेटा प्रोग्रॅममध्ये शिरतो त्या जागी त्याचा आकार तपासा, म्हणजे कोणत्या प्रॉपर्टी आहेत आणि प्रत्येकीत काय आहे ते पाहा. तपासणीत उतरला की त्यातून तुमच्या क्लासचा खरा ऑब्जेक्ट बनवा. तिथून पुढे 'इन्स्टन्सऑफ' खुशाल वापरा, तो बरोबर चालेल. हा क्रम का, आणि प्रत्येक पायरीवर कुठे पाय घसरतो, ते आता सविस्तर सांगतो.

टेस्टमध्ये तुम्ही 'न्यू ऑर्डर' लिहून ऑब्जेक्ट स्वतः बनवता. सर्व्हरकडून येतो तो जेसनचा, म्हणजे डेटा लिहून पाठवण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीतला, मजकूर. 'जेसन.पार्स' तो मजकूर वाचून साधे ऑब्जेक्ट तयार करतो आणि त्यांचा प्रोटोटाइप, म्हणजे ज्याच्याकडून ऑब्जेक्ट प्रॉपर्टी वारशाने घेतो तो मागचा ऑब्जेक्ट, असतो 'ऑब्जेक्ट.प्रोटोटाइप'. मजकुरात क्लासचे नाव कुठेच नव्हते, तर ते परत येणार कुठून? जेसनला सहाच गोष्टी कळतात: ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, स्ट्रिंग, नंबर, ट्रू-फॉल्स आणि नल. त्याबाहेरचे जे काही पाठवाल ते वाटेत बदलते किंवा गळते. 'डेट'ची स्ट्रिंग होते. 'अनडिफाइन्ड' असलेली प्रॉपर्टी नाहीशी होते. तेच अ‍ॅरेच्या आत असेल तर त्या जागी 'नल' येतो. 'नॅन' ('हा नंबर नाही' अशी खूण) आणि 'इन्फिनिटी' यांचाही 'नल' होतो. 'मॅप' आणि 'सेट' यांचे रिकामे ऑब्जेक्ट होतात, आणि कुठे एररही येत नाही. 'बिगइंट' पाठवायला गेलात तर मात्र 'टाइपएरर' मिळते, आणि मला ते वागणे जास्त आवडते, कारण निदान चूक कळते. हे सगळे लक्षात ठेवण्याचे कारण असे, की समोरची बाजूही जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असली, किंबहुना तुम्हीच लिहिलेली असली, तरी जे निघाले तेच पोहोचते असे धरून चालता येत नाही.

आता हाताशी असलेली साधने पाहू.

'टाइपऑफ'ची उत्तरे एकूण आठ आहेत: अनडिफाइन्ड, बूलियन, नंबर, बिगइंट, स्ट्रिंग, सिम्बॉल, फंक्शन आणि ऑब्जेक्ट. पहिल्या सहांसाठी हे उत्तर जवळपास पूर्ण विश्वासाचे आहे. स्ट्रिंग आहे का, बूलियन आहे का, एवढेच विचारायचे असेल तर यापेक्षा चांगले साधन नाही. अडचण शेवटच्या उत्तरात आहे. अ‍ॅरे, डेट, मॅप, तुमचा ग्राहक, तुमची ऑर्डर, सगळे एकाच 'ऑब्जेक्ट'खाली येतात, आणि त्यांच्यासोबत 'नल'ही येतो. याचे मूळ १९९५ सालात आहे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये ही भाषा तयार केली तेव्हा पहिल्या इंजिनमध्ये प्रत्येक व्हॅल्यू ३२ बिटांत ठेवली जायची आणि खालचे काही बिट प्रकाराची खूण म्हणून राखलेले असायचे. ऑब्जेक्टची खूण शून्य होती. 'नल' म्हणजे सगळे बिट शून्य असलेला पॉइंटर, म्हणून त्याचीही खूण शून्यच निघाली. पुढे हे सुधारण्याचा प्रस्ताव आला होता, पण आधीच्या असंख्य वेबसाइट मोडतील म्हणून तो सोडून द्यावा लागला. तेव्हा हे असेच राहणार असे समजा आणि 'ऑब्जेक्ट आहे का' या प्रत्येक तपासणीत 'नल नाही ना' हा प्रश्न आधी विचारा. मी पाहिलेल्या 'प्रॉपर्टी वाचता येत नाही' छापाच्या एररपैकी पुष्कळ याच एका विसरलेल्या प्रश्नातून आलेल्या होत्या.

नंबरपाशी जरा थांबतो, कारण पैशांचे हिशेब इथेच बिघडतात. 'नॅन'वर 'टाइपऑफ' लावला तर उत्तर येते 'नंबर'. म्हणजे 'टाइपऑफ नंबर आहे' एवढ्यावर रक्कम स्वीकारली, तर 'नॅन' आत शिरतो आणि पुढची प्रत्येक बेरीज 'नॅन' होत जाते. मूळ चूक कुठे झाली ते शोधायला मग बराच मागे जावे लागते. उपाय 'नंबर.इझफायनाइट'. 'नंबर.' न लावता जुना ग्लोबल 'इझफायनाइट' वापरू नका, कारण तो आधी व्हॅल्यूचे नंबरात रूपांतर करतो आणि मग तपासतो. त्यामुळे रिकामी स्ट्रिंग, 'नल' आणि रिकामा अ‍ॅरे हे तिन्ही त्याला नंबर वाटतात. तिघांचे रूपांतर शून्य होते. 'नंबर.इझनॅन' आणि नुसता 'इझनॅन' यांच्यातही हाच फरक आहे: नुसता 'इझनॅन' कोणत्याही शब्दाला 'ट्रू' म्हणतो.

पूर्णांकांचा वेगळा धोका आहे. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने सांभाळतो. सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये ६४ बिटांचे आयडी असतील आणि ते जेसनमध्ये नंबर म्हणून पाठवले जात असतील, तर ९००७१९९२५४७४०९९३ हा आयडी तुमच्याकडे शेवटी २ घेऊन येतो. 'जेसन.पार्स' संपेपर्यंत चूक होऊन गेलेली असते. 'नंबर.इझसेफइंटिजर' लावला तर निदान अशा आयडीवर तुमची तपासणी अडते. पण मूळ आकडा परत मिळत नाही. खरा इलाज एकच, आयडी सर्व्हरनेच स्ट्रिंग म्हणून पाठवावेत. त्यांच्यावर बेरीज-वजाबाकी कधी होत नाही, तर ते नंबर असण्याची गरजच नाही.

आता 'इन्स्टन्सऑफ'. तो नेमके काय करतो हे माहीत असले की त्याचे निम्मे गूढ उकलते. डावीकडच्या ऑब्जेक्टची प्रोटोटाइप चेन तो वर वर चढत जातो आणि उजवीकडच्या क्लासची 'प्रोटोटाइप' प्रॉपर्टी त्या साखळीत कुठे सापडते का ते पाहतो. बस. ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून (क्लासचा ऑब्जेक्ट बनवताना चालणाऱ्या फंक्शनमधून) गेला का, त्यात सगळ्या प्रॉपर्टी आहेत का, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. 'ऑब्जेक्ट.क्रिएट'ला ऑर्डरचा प्रोटोटाइप दिला तर आत काहीही नसलेला ऑब्जेक्टही ऑर्डर ठरतो. भाषेच्या २०१५ च्या आवृत्तीपासून तर 'सिम्बॉल.हॅजइन्स्टन्स' लिहून एखादा क्लास या प्रश्नाचे उत्तर स्वतःच ठरवू शकतो.

उलट बाजूचा त्रास जास्त वेळा भेटतो: ऑब्जेक्ट खरा असतो पण उत्तर 'फॉल्स' येते. प्रत्येक आयफ्रेमला, म्हणजे पानाच्या आत दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीला, स्वतःचा वेगळा 'अ‍ॅरे', वेगळा 'डेट', वेगळा 'ऑब्जेक्ट' असतो. एका चौकटीतला अ‍ॅरे दुसऱ्या चौकटीतल्या 'अ‍ॅरे'शी ताडून पाहिला तर जुळत नाही. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) वेगळ्या व्हीएम कॉन्टेक्स्टमधल्या, म्हणजे कोडसाठी केलेल्या स्वतंत्र कप्प्यातल्या, ऑब्जेक्टचे असेच होते, आणि काही टेस्ट रनर टेस्ट अशाच वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये चालवतात. याहून कळायला अवघड प्रकार म्हणजे एकाच पॅकेजच्या दोन प्रती. तुमचा प्रोजेक्ट एका लायब्ररीची एक आवृत्ती घेतो, दुसरे एखादे पॅकेज तिचीच दुसरी आवृत्ती सोबत आणते, आणि 'नोड मॉड्यूल्स' या पॅकेजच्या फोल्डरमध्ये एकाच नावाचे दोन वेगळे क्लास राहायला येतात. डीबगरमध्ये दोघांचे नाव सारखे दिसते, प्रॉपर्टी सारख्या दिसतात, फक्त तपासणी 'फॉल्स' म्हणते. असे दिसले की कोड वाचत बसण्याआधी त्या पॅकेजच्या किती प्रती आल्या आहेत ते पाहा.

म्हणून 'इन्स्टन्सऑफ' टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ऑब्जेक्ट तुमच्याच कोडने, त्याच प्रोसेसमध्ये, तुमच्याच क्लासमधून बनवला असेल तर तो उत्तम आहे. 'कॅच'मध्ये आलेली एरर तुमची 'रक्कम कमी आहे' एरर आहे की आणखी काही, हे ओळखायला मी तोच वापरतो.

अ‍ॅरेसाठी २००९ मध्ये ईएस५ या भाषेच्या पाचव्या आवृत्तीसोबत 'अ‍ॅरे.इझअ‍ॅरे' आला आणि तो प्रश्न कायमचा मिटला. आयफ्रेमपलीकडचा अ‍ॅरेही त्याला ओळखता येतो. त्याआधी सगळे 'ऑब्जेक्ट.प्रोटोटाइप.टूस्ट्रिंग' हे फंक्शन 'कॉल'ने लावून मिळणारी 'ऑब्जेक्ट अ‍ॅरे' अशी चौकटी कंसातली स्ट्रिंग पाहत. जुन्या उत्तरांमध्ये ही युक्ती अजून सर्वात पक्की म्हणून सांगितलेली सापडते. २०१५ पासून 'सिम्बॉल.टूस्ट्रिंगटॅग'मुळे कोणताही ऑब्जेक्ट तिथे हवे ते नाव दाखवू शकतो, त्यामुळे लॉगमध्ये वाचायला सोपे नाव हवे असेल एवढ्यापुरतीच ती ठेवा.

'कन्स्ट्रक्टर.नेम' पाहून प्रकार ठरवण्याचा मोह टाळा. तुमच्या मशीनवर तो चालतो. प्रॉडक्शनचे बिल्ड करताना मिनिफायर (कोड आकसून लहान करणारे साधन) क्लासची नावे एकेका अक्षरावर आणतो, आणि नावाशी केलेली तुलना तिथे कोसळते. शिवाय 'नल' प्रोटोटाइपच्या ऑब्जेक्टला 'कन्स्ट्रक्टर' नसतोच.

एक साधन फारसे वापरले जात नाही, पण क्लास लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावे. क्लासमध्ये हॅश (#) लावून खासगी फील्ड ठेवले, तर २०२२ च्या आवृत्तीपासून क्लासच्या आत 'हे खासगी फील्ड या ऑब्जेक्टमध्ये आहे का' असे 'इन' ऑपरेटरने विचारता येते. हे फील्ड ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून गेल्याशिवाय त्याच्यावर येत नाही आणि बाहेरून कोणी लावू शकत नाही. म्हणजे 'इन्स्टन्सऑफ'ला फसवणारा पोकळ ऑब्जेक्ट इथे पकडला जातो. क्लासवर एक स्टॅटिक मेथड (थेट क्लासच्या नावाने बोलवायचे फंक्शन) लिहून तिच्यात ही एक ओळ ठेवायची. मात्र पॅकेजच्या दोन प्रतींची अडचण इथेही सुटत नाही, आणि ऑब्जेक्टवर 'प्रॉक्सी' (मध्ये बसणारे आवरण) घातली असेल तर उत्तर 'फॉल्स' येते; काही फ्रेमवर्क तुमच्या डेटाभोवती गुपचूप प्रॉक्सी गुंडाळतात, तेव्हा ते ध्यानात ठेवा.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे, म्हणजे आकार तपासण्याकडे.

सर्वात सोपा आणि सर्वात टिकाऊ मार्ग म्हणजे डेटामध्येच प्रकार लिहिलेला असणे. सर्व्हरने प्रत्येक ऑब्जेक्टसोबत 'प्रकार' नावाची एक स्ट्रिंग पाठवावी: ग्राहक, ऑर्डर किंवा परतावा. तुम्ही ती स्ट्रिंग वाचायची, 'स्विच' लावायचा, आणि अनोळखी नावाला 'डिफॉल्ट'मध्ये एरर थ्रो करायची. 'डिफॉल्ट' रिकामा सोडू नका. उद्या सर्व्हरने चौथा प्रकार सुरू केला तर तो शांतपणे गडप होईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

'स्विच'ऐवजी प्रकाराच्या नावावरून फंक्शन काढून देणारा तक्ता साध्या ऑब्जेक्टमध्ये ठेवण्याची पद्धत सुटसुटीत दिसते, पण तिच्यात एक खड्डा आहे. बाहेरून 'प्रकार' म्हणून 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द आला तर तक्त्यात तुम्ही तो लिहिलेला नसूनही उत्तर मिळते, कारण तो प्रोटोटाइपवरून येतो. आणि ते उत्तर फंक्शनच असल्यामुळे 'फंक्शन आहे का' ही तपासणीही पार होते. असा तक्ता 'मॅप'मध्ये ठेवा, किंवा आधी 'ऑब्जेक्ट.हॅजओन' विचारा. याच कारणाने बाहेरच्या डेटावर नुसता 'इन' ऑपरेटर मला पसंत नाही: 'टूस्ट्रिंग' ही प्रॉपर्टी आहे का असे कोणत्याही साध्या ऑब्जेक्टला विचारले तर तो हो म्हणेल.

सर्व्हर तुमच्या ताब्यात नसेल आणि 'प्रकार' मिळण्यासारखा नसेल, तर निदान डेटा कोणत्या पत्त्यावरून मागवला हे तुम्हाला माहीत असते. ऑर्डरच्या एपीआयमधून आलेली ती ऑर्डर. जिथे रिस्पॉन्स हाती येतो तिथेच, बाकीच्यांत मिसळण्याआधी, ही माहिती त्याच्यावर लावून टाका. पुष्कळदा प्रकार ओळखण्याचा प्रश्न पडतो तो एवढ्यासाठीच, की हातात असलेली माहिती मधल्या एखाद्या 'सगळ्यांसाठी एक' फंक्शनमध्ये टाकून दिलेली असते.

हेही शक्य नसेल, सगळे एकाच यादीत मिसळून येत असतील, तरच प्रॉपर्टींवरून अंदाज बांधा. तेव्हा एका प्रॉपर्टीवर विसंबू नका. परताव्यात ऑर्डरचा आयडी असतो, रक्कम असते, तारीख असते. ऑर्डरमध्येही तेच तिन्ही असते. 'रक्कम आहे म्हणजे ऑर्डर' असे लिहिले की परतावा ऑर्डर म्हणून नोंदला जातो, आणि पैशाची दिशाच उलटते. प्रत्येक प्रकाराची फक्त त्याच्यातच असणारी प्रॉपर्टी शोधा, आणि दोन प्रकार एकाच वेळी जुळले तर पहिला निवडून पुढे जाऊ नका, एरर द्या.

प्रकार कळल्यावर आतले तपासायचे. ऑर्डरसाठी क्रम असा ठेवा: व्हॅल्यू 'नल' नाही, 'टाइपऑफ' ऑब्जेक्ट आहे, अ‍ॅरे नाही, मग आयडी स्ट्रिंग आहे आणि रिकामी नाही, रक्कम 'नंबर.इझफायनाइट'मधून पार होते आणि शून्याहून लहान नाही. वस्तूंची यादी 'अ‍ॅरे.इझअ‍ॅरे'ला अ‍ॅरे वाटते आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू स्वतःच्या तपासणीतून जाते. यादी अ‍ॅरे आहे एवढे पाहून सोडणारे पुष्कळ आहेत. आतला एक 'नल' मग स्क्रीन रंगवताना फुटतो, तपासणीपासून कितीतरी दूर.

तारखेचे वेगळे पाहावे लागते. जेसनमधून ती स्ट्रिंग म्हणून येते, म्हणून आधी स्ट्रिंग आहे हे पाहा. ही पायरी गाळलीत तर 'नल' थेट 'डेट' कन्स्ट्रक्टरला जाईल आणि १ जानेवारी १९७० ही तारीख निर्धास्तपणे परत येईल. स्ट्रिंगवरून 'डेट' बनवल्यावर 'गेटटाइम' नॅन नाही ना ते पाहा, कारण चुकीच्या स्ट्रिंगवरूनही 'डेट'चाच ऑब्जेक्ट बनतो आणि 'इन्स्टन्सऑफ' त्याला खुशाल 'ट्रू' म्हणतो. वेळ नसलेली, फक्त वर्ष-महिना-दिवस अशी आयएसओ तारीख यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरली जाते, आणि वेळ असलेली पण वेळेचा झोन नसलेली तारीख स्थानिक वेळेत धरली जाते. एक दिवस मागे-पुढे दिसणाऱ्या तारखांचे हे नेहमीचे कारण. झोन असल्याचा आग्रह तपासणीतच धरा.

प्रॉपर्टी नसणे आणि प्रॉपर्टीत 'नल' असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन नंबर मागितलाच नाही, आणि ग्राहकाने तो काढून टाकला, यांत फरक करायचा असेल तर सर्व्हरच्या टीमशी बोलून कोणते कशासाठी ते ठरवा आणि तपासणीत तसेच लिहा. फरक करायचा नसेल तर आत घेताना दोन्हींचे एकच रूप करून टाका, म्हणजे पुढच्या कोडला दोन शक्यता सांभाळाव्या लागणार नाहीत.

माझा सर्वात मोठा आग्रह इथे आहे. तपासणीच्या फंक्शनने नुसते 'ट्रू' किंवा 'फॉल्स' देऊन थांबू नये. त्याने नवा ऑब्जेक्ट बनवून परत द्यावा. क्लासवर 'जेसनवरून' अशी स्टॅटिक मेथड लिहा: तिला कसलीही व्हॅल्यू चालेल, ती तपासेल, तारखेच्या स्ट्रिंगचा 'डेट' करेल, आणि तुमच्या क्लासचा ऑब्जेक्ट परत देईल किंवा एरर थ्रो करेल. 'हो' किंवा 'नाही' हे उत्तर पुढच्या ओळीत विसरले जाते आणि कच्चा ऑब्जेक्टच फिरत राहतो. बनवून दिलेला ऑब्जेक्ट मात्र तपासणीचा पुरावा स्वतःसोबत बाळगतो. तपासणीतून गेल्याशिवाय तो अस्तित्वातच येत नाही. आता तुमच्या मूळ फंक्शनमध्ये 'इन्स्टन्सऑफ ऑर्डर' लिहा, उत्तर खरे येईल.

नवा ऑब्जेक्ट बनवताना फक्त माहीत असलेल्या प्रॉपर्टी नावाने उचला, आलेला ऑब्जेक्ट जसाच्या तसा ओतू नका. यामागे सुरक्षेचे कारण आहे. जेसनच्या मजकुरात '__प्रोटो__' नावाची प्रॉपर्टी असेल तर 'जेसन.पार्स' ती साध्या प्रॉपर्टीसारखी ठेवतो आणि तोवर काही बिघडत नाही. पण 'ऑब्जेक्ट.असाइन'ने ती दुसऱ्या ऑब्जेक्टवर चढवली की त्या ऑब्जेक्टचा प्रोटोटाइप बदलतो. आत खोलवर मिसळणारे बेसावध 'मर्ज' फंक्शन असेल तर सगळ्या ऑब्जेक्टचा सामाईक प्रोटोटाइपच दूषित होऊ शकतो. नावाने उचललेल्या प्रॉपर्टींमध्ये हा मार्गच उरत नाही. अनोळखी प्रॉपर्टी दिसली म्हणून डेटा नाकारू मात्र नका. सर्व्हर नवी प्रॉपर्टी जोडणारच; जुन्या अ‍ॅपने तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत राहावे.

डेटा आत येण्याच्या जागा एपीआयपुरत्या नसतात. लोकल स्टोरेजमध्ये फक्त स्ट्रिंग राहतात, आणि तिथे सापडणारा डेटा तुमच्याच अ‍ॅपच्या जुन्या आवृत्तीने लिहिलेला असू शकतो, तेव्हा तोही परका समजा. फॉर्म आणि यूआरएलमधून सगळे स्ट्रिंग म्हणूनच येते; 'फॉल्स' या स्ट्रिंगवर 'बूलियन' लावला तर उत्तर 'ट्रू' येते, कारण ती रिकामी नाही. वर्करशी, म्हणजे पार्श्वभूमीत वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टशी, 'पोस्टमेसेज'ने बोलताना डेट, मॅप, सेट शाबूत पोहोचतात, पण तुमच्या क्लासचा प्रोटोटाइप आणि खासगी फील्ड वाटेत गळतात. पलीकडे साधा ऑब्जेक्ट मिळतो. या प्रत्येक दारावर एकदा तपासा आणि आत पुन्हा पुन्हा तपासू नका. प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला त्याच चार अटी लिहिल्या की कोड वाचवत नाही, आणि नेमकी कोणती तपासणी खरी हेही कळेनासे होते.

टाइपस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये टाइप लिहू देणारी भाषा, वापरत असाल तरी यातले काहीच कमी होत नाही. कंपाइल झाल्यावर सगळे टाइप पुसले जातात. चालू प्रोग्रॅममध्ये इंटरफेस (ऑब्जेक्टच्या आकाराचे टाइपस्क्रिप्टमधले वर्णन) नावाची वस्तू उरत नाही, म्हणून 'इन्स्टन्सऑफ'च्या उजवीकडे इंटरफेस ठेवता येत नाही. 'जेसन.पार्स' जी व्हॅल्यू परत देतो तिचा टाइप 'एनी', म्हणजे काहीही चालेल असा, आहे, आणि त्याला 'अ‍ॅज ऑर्डर' जोडले की कंपायलर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो, तपासत काहीच नाही. २०१८ मधल्या ३.० आवृत्तीपासून 'अननोन' टाइप आहे, तो वापरा: तपासल्याशिवाय कंपायलर त्या व्हॅल्यूला हात लावू देत नाही. स्वतः लिहिलेल्या टाइप गार्डबद्दलही (व्हॅल्यूचा टाइप तपासून कंपायलरला सांगणाऱ्या फंक्शनबद्दलही) सावध राहा. 'ही व्हॅल्यू ऑर्डर आहे' असा दावा तुम्ही फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये (पहिल्या ओळीत) लिहिलात तर आतल्या अटी तो दावा सिद्ध करतात का, हे कंपायलर पाहत नाही. इंटरफेसमध्ये नवी प्रॉपर्टी जोडली आणि गार्डमध्ये विसरली तर कोणीही ओरडणार नाही.

त्यामुळे लायब्ररीचा प्रश्न येतो. तीन-चार साधे आकार असतील तर हाताने लिहा; कोड छोटा राहतो आणि काय घडते ते सगळ्यांना दिसते. आकार वाढले, एकात एक गुंतू लागले, की झॉड किंवा व्हॅलिबॉटसारखी स्कीमा (डेटाच्या आकाराचे लिखित वर्णन) वापरून तपासणारी लायब्ररी घ्या. तिचा खरा फायदा असा, की स्कीमा एकदाच लिहायचा आणि टाइपस्क्रिप्टचा टाइप त्याच्यावरूनच काढायचा. मग दोन्हींत तफावत पडायला जागा राहत नाही. सर्व्हर दुसऱ्या भाषेत असेल आणि दोन्हीकडे एकच नियम हवे असतील तर जेसन स्कीमा (जेसनमध्येच लिहिलेला स्कीमा) आणि त्यावरून तपासणारी एजेव्ही लायब्ररी हा जोड मला योग्य वाटतो. एजेव्ही स्कीमावरून चालू प्रोग्रॅममध्ये फंक्शन तयार करतो, आणि कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे नियम) असलेल्या पानावर ते अडते. अशा वेळी ही फंक्शन बिल्डच्या वेळीच तयार करून ठेवण्याची सोय त्यात आहे.

एररमध्ये काय लिहायचे यावर थोडा वेळ द्या, तो वसूल होतो. 'डेटा चुकीचा' हा मजकूर रात्री जागून बग शोधणाऱ्याला काहीच सांगत नाही. 'ऑर्डर, वस्तू, तिसरी, किंमत: नंबर हवा होता, स्ट्रिंग मिळाली' यातून सगळे कळते. मिळालेली व्हॅल्यू मात्र लॉगमध्ये लिहू नका, प्रकार पुरे. ग्राहकाचा फोन नंबर लॉगमध्ये जाण्याचे काही कारण नाही. आणि यादीतली एकच नोंद बिघडलेली असेल तर काय करायचे हेही आधीच ठरवा. पाहण्यापुरती यादी असेल तर मी ती नोंद बाजूला काढून बाकी दाखवतो आणि एरर नोंदवतो. हिशेबाची यादी असेल तर पूर्ण नाकारतो, कारण एक नोंद गाळून काढलेली बेरीज बरोबर असल्यासारखी दिसते.

तपासणीच्या टेस्ट लिहिताना एक योग्य नमुना घ्या आणि त्यातली एकेक प्रॉपर्टी काढून प्रत्येक वेळी एरर येते का ते पाहा. मग प्रत्येक प्रॉपर्टीत चुकीच्या प्रकारची व्हॅल्यू घाला. शिवाय नल, रिकामा अ‍ॅरे, नुसती स्ट्रिंग, नॅन, स्ट्रिंगमधला नंबर आणि '__प्रोटो__' असलेला जेसन हे ठरलेले पाहुणे प्रत्येक तपासणीला द्या. नमुने जेसनच्या मजकुरातून वाचा, 'न्यू ऑर्डर'ने बनवू नका. तुमच्या आत्ताच्या टेस्ट हिरव्या दिसत होत्या त्या याच कारणाने.

चालू अ‍ॅपमध्ये हे एका दिवसात आणू नका. खरा डेटा तुमच्या समजुतीपेक्षा बराच वेगळा निघतो: कुठे जुन्या नोंदींत रक्कम स्ट्रिंग असते, कुठे यादीच्या जागी नल असतो. सुरुवातीला तपासणी लावा पण एरर थ्रो करू नका, फक्त नोंदवा, आणि डेटा पूर्वीच्याच वाटेने जाऊ द्या. नोंदी पाहून एकेक तफावत सोडवा: काही ठिकाणी सर्व्हर दुरुस्त होईल, काही ठिकाणी तुमचा स्कीमा सैल करावा लागेल. परताव्यापासून सुरुवात करा, तिथली चूक सर्वात महाग पडते. नोंदी बंद झाल्या की त्या प्रकारासाठी एरर थ्रो करणे सुरू करा आणि पुढचा प्रकार हाती घ्या.